'तो' कुणाच्या तोंडचा?

आमच्या घरात त्या घटनेला 'तळं बाटलं' असं म्हणत. आजी काळ मोजायची तीसुद्धा त्याच खुणेवर. अमक्याचं लग्न तळं बाटलं त्याच्या आदल्या वर्षी, तमकीचा जन्म तळं बाटल्यावर दोन पावसाळ्यांनी. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आला, २० मार्च १९२७ ही तारीख मी पाठही केली, पण आजीचं 'बाटलं' आणि पुस्तकातला 'सत्याग्रह' ही एकच गोष्ट आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. ते शिरायला पुढची वीसेक वर्षं गेली. ज्या दिवशी शिरलं, त्या दिवसापासून मी ही कादंबरी लिहीत होते असं आता वाटतं.

माझ्या पणजोबांचं महाडच्या बाजारपेठेत किराणा-भुसाराचं दुकान होतं. घर तिथून दोन तासांच्या चालीवर, गावात. २० मार्चला पणजोबा दुकानावर होते. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत अशी आवई उठली, आणि परिषदेला आलेल्या लोकांवर गावगर्दी काठ्या घेऊन धावली. पणजोबा त्या गर्दीत होते की नव्हते, हे घरात कुणी कधी सांगितलं नाही. नंतर तळं शुद्ध करायला १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं गेलं, त्यातलं दही आमच्या घरचं होतं, हे मात्र आजी सांगायची. अभिमानाने सांगायची.

मला ते दही लिहायचं होतं. ज्या घरातून ते गेलं ते घर, त्या घरातला दहा वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, आणि त्या घरी रोज येणारा गावचा येसकर, म्हणजे गावकीची कामं करणारा महार. येसकराचं नाव घरात 'राघ्या' म्हणून सांगितलं जायचं. (खरं नाव वेगळं आहे, ते मी इथे देत नाही. पण त्या नावाचं जे झालं ते तसंच सांगते आहे.) दवंडी द्यायची, सरकारी माणूस आला की त्याचा घोडा धरायचा, मेलेलं जनावर ओढायचं, कुणाच्या मरणाची खबर उन्हातान्हात पाच कोस पोचवायची, आणि संध्याकाळी दारोदार भाकरीसाठी 'जोहार मायबाप' म्हणत उभं राहायचं, हे त्यांचं काम. पहिल्या खर्ड्यात मी 'हे त्याचं काम' असं लिहिलं होतं. त्या एका अनुस्वाराकडे पुढे येतेच.

आधी कागद गोळा केले. सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला १९२३चा ठराव, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव. डिसेंबर १९२७मध्ये बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर लावलेला दावा, आणि १७ मार्च १९३७चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. पूर्वापार वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून त्यात दावा फेटाळला गेला. पाण्यावर हात ठेवायला दहा वर्षं लागली, आणि मी पाहिलेल्या कागदांत कुठेही शिवी नव्हती. 'अस्पृश्य वर्ग', 'स्पृश्य हिंदू', 'वहिवाट', 'हरकत'. कागद सभ्य असतात. गर्दीच्या तोंडी त्या दुपारी जे होतं ते ठरावात, दाव्यात, निकालात कुठून येणार?

ते आमच्या घरात होतं. शिव्यांचं दप्तर माझ्या आजीकडे होतं, आत्याकडे आहे, आणि खरं बोलायचं तर माझ्याही कानात आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती उघडा, जातींच्या नावांवर बेतलेल्या म्हणी पानोपानी सापडतील. त्यातल्या कितीतरी मी लहानपणी स्वयंपाकघरात ऐकल्या, भाजी निवडता निवडता, कुणावरही न रागावता म्हटलेल्या. माझी आजी शिव्या देणारी बाई नव्हती. 'मेल्या'च्या पुढे तिची मजल जात नसे. पण जातीच्या नावाला 'डा' चिकटवून ती जो शब्द करायची, तो तिच्या लेखी शिवीत जमाच नव्हता. ते तिच्यासाठी नुसतं नाम होतं, 'वाटी' किंवा 'पाट' असावं तसं.

तो शब्द मी कादंबरीत लिहिला आहे. इथे लिहिणार नाही. तिथे बोलणारं पात्र आहे, इथे बोलणारी मी आहे.

पहिला खर्डा पूर्ण झाला तेव्हा त्यात तो शब्द ४३ वेळा होता. मी मुद्दाम मोजला नव्हता, प्रकाशनसंस्थेच्या संपादकांनी मोजला. मी त्यांना ठणकावून सांगितलं की, १९२७ सालची माणसं अशीच बोलायची, मी खोटं लिहिणार नाही. त्यांचं म्हणणंही समजण्यासारखं होतं. पुस्तक ग्रंथालयांत जाणार, कॉलेजात लागण्याची शक्यता, कुणी पान फाडून फोटो फिरवला की संदर्भ उरत नाही. ते म्हणाले, "फुल्या घालू या."

मराठीत फुल्यांची जुनी सवय आहे. आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या आपण फुल्या-फुल्या करून छापतो आणि वाचणारा मनातल्या मनात जागा भरतो. मी दोन पानांवर तसं करून पाहिलं, आणि छापून हातात घेतल्यावर मला कसंतरीच झालं. फुलीखाली गेल्याबरोबर तो शब्द चावट झाला. जणू त्याचा गुन्हा अश्लीलतेचा आहे, चारचौघांत उच्चारू नये एवढाच. माझी आजी तो शब्द देवघरात बसून, जपमाळ हातात धरून उच्चारायची. तिला तिथे कुठली फुली दिसत होती? ज्या शब्दाची लाज त्या काळी कुणालाच नव्हती, त्याच्यावर आज फुली घालणं म्हणजे त्या माणसांना नसलेली लाज बहाल करणं.

मग दुसरी सूचना आली, 'दलित' घालू या. पण गर्दीतला माणूस काठी उगारून 'दलित' म्हणेल? ज्याने काठी उगारली त्याच्या तोंडी मी चळवळीचा शब्द दिला तर काठीही मऊ होते. या बाबतीत अमेरिकेतलं एक उदाहरण मला पाठ झालं होतं. मार्क ट्वेनचं 'हकलबेरी फिन' तिकडे १८८५ साली आलं. काळ्या माणसांसाठीची शिवी त्यात दोनशेहून जास्त वेळा येते. २०११ साली निघालेल्या एका आवृत्तीत ती सगळीकडून काढून 'गुलाम' हा शब्द घातला, शाळांतून पुस्तक शिकवता यावं म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण गुलामी ही त्या माणसावर लादलेली अवस्था आहे आणि शिवी ही देणाऱ्याची करणी आहे. शब्द बदलला की देणारा सुटतो. हे उदाहरण आपल्याला परकं वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गुलामीविरुद्ध झटलेल्या तिथल्या भल्या माणसांना. तिकडची जखम आणि इकडची जखम शेजारी ठेवून पाहणारा माणूस आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला.

आता माझी एक चूक सांगते. काळाशी प्रामाणिक असल्याचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या मीच १९२७ सालच्या एका सुधारक वकिलाच्या तोंडी 'हरिजन' शब्द घातला होता. तो शब्द गांधीजींमुळे सर्वत्र गेला तो १९३२नंतर. शिव्या मी काळ तपासून घातल्या होत्या, आणि सहानुभूतीचा शब्द मात्र न तपासता, सहज हाताला लागला तसा. ज्यांच्यासाठी तो वापरला गेला त्यांनी तो कधीच मनापासून घेतला नाही आणि नंतर ठामपणे नाकारला, हे ठाऊक असूनही. तो काढला. त्या वकिलाच्या तोंडी 'अस्पृश्य बंधू' घातलं, ते त्या काळाचं होतं.

आणखी एक गोष्ट मला बोचत राहिली. खर्ड्यात एक गोरा अधिकारी आहे. दुकानाच्या पायरीवर तो माझ्या पणजोबांवर खेकसतो, 'ब्लडी नेटिव्ह' म्हणतो. या ओळीवर कुणी फुली सुचवली नाही. उलट घरातल्या एका चुलत भावाने तेवढंच प्रकरण वाचून मला फोन केला. आवाज कापत होता त्याचा. "आपल्या पणजोबांना असं म्हटलं त्याने?" मी म्हटलं, "हो, आणि त्याच पानावर खाली पणजोबांनी येसकराला काय म्हटलंय ते वाचलंस का?" वाचलं होतं. लक्षात राहिलं नव्हतं. आपल्या अंगाला लागलेली शिवीच आपल्याला ऐकू येते.

कायद्याचं थोडक्यात. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधाचा १९८९चा कायदा एका वकीलबाईंकडे बसून नीट वाचला. अपमान करण्याच्या हेतूने लोकांच्या देखत केलेली जातिवाचक हेटाळणी त्यात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बाईंनी शेवटी विचारलं, "कायद्याचं मी सांगितलं. पण ज्यांच्या आजाला ही शिवी होती, त्यांना तुम्ही हे दाखवलंय का?"

दाखवलं नव्हतं. धीर झाला नव्हता.

*

त्या येसकरांचे नातू निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. आमच्याच गावच्या बौद्धवाडीत राहतात. मी त्यांना गुरुजी म्हणते, सगळं गावच म्हणतं. एप्रिलच्या एका दुपारी मी खर्ड्याची पहिली तीन प्रकरणं घेऊन त्यांच्या पडवीत जाऊन बसले. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्या घरचं पाणी पिताना माझा हात क्षणभर थांबला. किळस नव्हती ती, आठवणच होती. आमच्या मागच्या दारी एका कोनाड्यात ठेवलेला वेगळा पत्र्याचा डबा मला त्या क्षणी दिसला. गुरुजींना ते दिसलं असावं, पण ते काही बोलले नाहीत.

त्यांनी चष्मा लावला, शिसपेन्सिल घेतली, आणि वही तपासावी तसं वाचायला बसले. मला बाहेर अंगणात जाऊन बसावंसं वाटत होतं. तासाभराने त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. मी आधी शिव्यांच्या जागा पाहिल्या. कुठेही खूण नव्हती. खुणा भलतीकडेच होत्या. छोट्या छोट्या गोल रेघा, एका पानावर अकरा, दुसऱ्यावर चौदा. सगळ्या 'तो'वर आणि क्रियापदांच्या शेवटांवर. 'राघ्या आला.' 'तो ओट्याखाली उभा राहिला.' 'त्याने भाकरी घेतली.'

"ताई, ह्या पानावर शिव्या चार आहेत," गुरुजी म्हणाले. "त्या गावच्या तोंडच्या आहेत. गाव बोलायचंच तसं, असू देत. पण हा 'तो' कुणाच्या तोंडचा?"

मी पान पुन्हा पाहिलं. त्याच पानावर माझे पणजोबा होते. 'दामूअण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी सुपारी कातरली.' पणजोबा तेव्हा चाळिशीचे, येसकर पंचेचाळिशीचे. दोघांबद्दल सांगणारा आवाज एकच. कुठल्या पात्राचा नव्हता तो, माझा होता.

मी काहीतरी बोलले. कथनाची शैली, मुलाच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट, वगैरे. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग स्वतःच आज्याबद्दल सांगायला लागले. "आजा माझा उभ्या जन्मात मुंबईला गेला नाही. पण पोराला त्याने पलटणीत धाडलं." माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, तुम्हीसुद्धा 'गेला' म्हणता."

"मी म्हणेन," ते म्हणाले. "माझा आजा आहे. तुमचा आहे का?"

काकू आतून आल्या त्या तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊनच. त्यांनी वाचलं नव्हतं, ऐकत होत्या. "आणि बाईचं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं. "मघापास्नं ऐकत्येय. राघ्याची बायको, राघ्याची बायको. आमच्या आजेसासूबाईंना नाव होतं की." तुळसा. मी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. तीन प्रकरणांत ती बाई अंगण झाडते, शेणी लावते, तापाने फणफणलेल्या मुलाला पाठीशी बांधून कवाडाशी उभी राहते, आणि लेखिकेला तिला नाव द्यायचं सुचलेलं नाही.

मग गुरुजींनी पत्र्याची पेटी उघडली. वर ब्लँकेट, खाली बाबासाहेबांचा काच फुटलेला फोटो, त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. त्यांच्या वडिलांचा, सखारामांचा, पलटणीतून सुटल्याचा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली होती, १९२१ साली ती मोडली. शाई तांबूस झाली होती, घडीच्या रेषा झिजून जाळी पडली होती. इंग्रजीत छापलेले रकाने, हाताने भरलेले. 'बापाचं नाव' या रकान्यात लिहिलेलं होतं 'राघनाक'.

मी ते नाव पहिल्यांदा वाचत होते. आमच्या घरात शंभर वर्षं जे 'राघ्या' होते, ते परक्या सरकारच्या कागदावर अख्ख्या नावानिशी होते. 'नाक' म्हणजे नायक, असं मानतात. कोरेगावच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावं याच 'नाक'ने संपतात. माझ्या आजोबांनी, दहा वर्षांच्या पोराने, बापाच्या वयाच्या माणसाच्या नावाचा हा शेवट मोडून तिथे 'या' बसवला होता. त्याने मुद्दाम केलं असंही नाही. तसंच ऐकलं होतं त्याने. आपल्या घरी 'पक्या', 'बाळ्या' म्हणून पोरांना लाडाने जी हाक मारतात, तीच हाक पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याला मारली की तिची शिवी होते, आणि अशा शिवीला कोणता संपादक फुली घालणार?

"इंग्रजांचं कौतुक नका लिहू हां," कागद परत घडी करताना गुरुजी म्हणाले. "गरज होती तेव्हा नाव लिहून घेतलं. गरज सरली, पलटण मोडून घरी धाडलं. घरी परत 'सख्या'."

*

पुण्याला परत आल्यावर मी अख्खा खर्डा छापून घेतला आणि दोन रंगांच्या पेना घेऊन बसले. माझा निवेदक ज्याला 'ते' म्हणतो त्याच्यावर हिरवी खूण, ज्याला 'तो' म्हणतो त्याच्यावर लाल. चार दिवस लागले. संपल्यावर नवऱ्याने सहज येऊन पाहिलं आणि म्हणाला, "हा गावचा नकाशा दिसतोय." खरंच तसं दिसत होतं. वरच्या आळीची पानं हिरवी, नदीपल्याडची लाल. कुळवाड्यांची पानं मधली, अर्धी अशी अर्धी तशी. न ठरवता मी माझ्या व्याकरणात १९२७चं गाव जसंच्या तसं वसवलं होतं, पाणवठ्यांसकट.

दुरुस्ती सोपी नव्हती. आधी सगळ्यांना 'तो' करून पाहिलं. 'दामूअण्णा आला, ओट्यावर बसला.' आईला वाचून दाखवलं तर तिने कानावर हात ठेवले, "अगं, घरातल्या मोठ्या माणसाला असं?" तिला लागलं ते चांगलंच झालं. एका प्रकरणात तिला जे लागलं ते राघनाकांच्या वाट्याला तीनशे पानं येणार होतं. पण सगळ्यांची पायरी खाली आणून सगळे सारखे होतात हे काही मला पटेना. मग सगळ्यांनाच 'ते' केलं. त्यात काठी घेऊन धावणाऱ्या विशीतल्या पोरालाही 'ते' लागायला लागलं आणि भाषा ताठरली.

शेवटी जे हाती लागलं ते आमच्याच घरचं होतं. गोष्ट दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून सांगितलेली आहे. मोठ्या माणसांना अहो-जाहो करावं, हे मराठी घरात पोराला बोलायला लागल्यापासून शिकवतात. मी तो नियम निवेदकाला लावला, गावाची वेस न पाहता. जे वयाने मोठे ते 'ते'. राघनाक आले, राघनाकांनी भाकरी घेतली. सखाराम पलटणीतून परतले. मुलगा तोंडाने 'राघ्या' म्हणतो, तेव्हा अवतरणचिन्हांत 'राघ्या'च. अवतरण संपलं की 'राघनाक'. एकाच ओळीत दोन्ही शेजारी आले की वाचताना जिभेला ठेच लागते. ती लागावी असं मला वाटतं.

बायकांपाशी पुन्हा अडले. मराठीत आई 'ती' असते, आजी 'ती' असते, आणि त्यात जवळीक असते. मुलाची आई, म्हणजे माझी पणजी, 'ती' राहिली. तुळसाबाई मात्र 'त्या' झाल्या, कारण त्या मुलाला त्यांच्याशी लगट करायची मुभाच नव्हती. हे वाचून काकू म्हणाल्या, "आजेसासूबाई हयात असत्या तर मागं वळून बघितलं असतं, ह्या 'त्या' कोण म्हणून."

शिव्यांचा प्रश्न उरलाच होता. त्यावर शेवटचं बोट ठेवलं ते गुरुजींच्या नातीने. ती पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. मी तिला म्हटलं की, वाचणाऱ्याला तो शब्द टोचला पाहिजे. ती म्हणाली, "कुणाला, काकू? तुमच्या वाचकाला टोचेल. मला तो नवीन नाहीये. हॉस्टेलमध्ये ऐकलाय मी. मला तो ४३ वेळा वाचायला का लावताय?" मी वाद घातला, माझ्याकडे उत्तरं होती. ज्यांनी सोसलं त्यांनी तर असे शब्द पुस्तकाच्या कपाळावर लावले, शरणकुमार लिंबाळ्यांच्या १९८४च्या आत्मकथनाचं नावच 'अक्करमाशी', म्हणजे अनौरस, असं आहे, असंही म्हणाले. तिने शांतपणे सांगितलं, "ते त्यांचं आहे. त्यांनी स्वतःवरचा शब्द उचलला. तुम्ही दुसऱ्यावरचा उचलताय." तिच्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने फक्त स्वतःच्या अंगावरचं लिहायचं ठरवलं तर माझ्या पणजोबांचा ओटा कोण लिहिणार? पण तिच्या 'कुणाला'चं उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येईना.

म्हणून प्रत्येक जागेला विचारत बसले, इथे हा शब्द कुणाचं काय उघडं करतो? बहुतेक जागी तो नुसताच काळाचा रंग म्हणून आला होता, भिंतीला गेरू द्यावा तसा. ते सगळे गेले. दवंडी, बाजार, चेष्टामस्करी, सगळीकडून गेले. तळ्यावरच्या दुपारी गर्दी जे ओरडते त्यातून दोनच ठेवले. उरले एकूण नऊ. आणि पहिल्यांदा तो येतो तो रागात येत नाही. वैशाखातली दुपार आहे, राघनाक चार कोसांवरून मयताची खबर पोचवून परत आलेत, पणजी त्यांना ताक देते. ओट्यावरून खाली, उंचावरून धार धरून, त्यांच्या मडक्यात. थेंब उडेल म्हणून दुसऱ्या हाताने स्वतःचा पदर आवरते. तिला खरंच कळवळा आहे. उन्हाने करपलेला चेहरा पाहून ती हळहळते, आणि हळहळताना तो शब्द उच्चारते. मग मुलाला म्हणते, "तू मागं सर, शिवशील." हे मी कल्पनेने लिहिलेलं नाही. हा प्रसंग आजीने मला सांगितला होता, तिच्या सासूबाई किती मायाळू होत्या हे पटवून द्यायला.

वस्तीच्या नावाचंही तसंच. डिसेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला तेव्हा माझा खर्डा अर्धा झाला होता. गाव बोलतं तेव्हा जुनंच नाव ठेवलं. निवेदकासाठी मी गुरुजींना विचारलं, घरात काय म्हणायचात? "काय म्हणणार? गावात चाललो, वाडीत आलो." तेच घेतलं. वाडी.

संपादकांनी नव्या खर्ड्यावर फुल्यांचा विषय काढला नाही. त्यांनी फक्त एक विचारलं, सुरुवातीला सूचना छापायची का, की या पुस्तकात आक्षेपार्ह भाषा आहे. मी नको म्हटलं. छापायची तर मग 'दामूअण्णा बसले होते'च्या आधीपण छापायला हवी होती, पहिल्या खर्ड्यात.

*

छपाईला जाण्याआधी ते ताकाचं प्रकरण मी आत्याला वाचून दाखवलं. आत्या त्र्याऐंशी वर्षांची आहे, डोळे गेलेत, कान शाबूत. राघनाक वारले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. लहानपणी तिला त्यांनीच खांद्यावर नाही, खांद्यावर कसे घेतील, पण पुराच्या वेळी पुढे चालून, काठीने पाणी चाचपत नदीपार आणलं होतं, हे ती नेहमी सांगते.

मी वाचत होते. 'राघनाक अंगणात आले आणि उभे राहिले.'

"कोण आले?" आत्याने विचारलं.

"राघनाक."

"पाहुणे का कुणी?"

"नाही आत्या. आपले येसकर."

ती थांबली. हातातली वात वळायची थांबली. "म्हणजे राघ्या की काय?"

"हो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. अंगठ्याने तो कापूस नुसता चोळत राहिली. मला वाटलं आता रागावेल, नाहीतर विषय बदलेल.

"राघनाक," ती एकदा म्हणाली, नाव चावून बघावं तशी. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं." आणि मग, "वाच पुढे. उभे राहिले, मग?"